पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला

उघडायचं नसतं ते! फ्रेमच्या मागे खाकी कागद चिकटवतो तो काय शोभेसाठी? पण नर्सबाईंनी घरीच पक्कड घेऊन खिळे उपटले. काच तडकली होती म्हणे, म्हटलं आपणच बदलू. निवृत्त झाल्यापासून या बाईंना स्वस्थ म्हणून बसवत नाही.

आणि आता पुठ्ठा हातात घेऊन त्या माझ्या दुकानात उभ्या होत्या.

"हे कोणी काढलं हो?"

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, फोटोच्या पाठीआड, पेन्सिलीने काढलेले त्यांचे यजमान होते. पोस्टमन होते ते. पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःचा गणवेशातला फोटो घेऊन आले होते, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केलेला. पण इथे टेबलापाशी उभे राहून स्वतःच्याच विनोदावर असे हसले, की टोपी खाली पडली. त्यांची पाठ वळल्यावर मी ते हसणं पुठ्ठ्यावर उतरवलं, वर फोटो ठेवला, खिळे ठोकले, कागद चिकटवला. असे माझे शेकडो पुठ्ठे लोकांच्या घरात टांगलेले आहेत आणि कुणाला पत्ता नाही.

"अस्सेच हसायचे हे," नर्सबाई म्हणाल्या. "फोटोत मेले कधी हसले नाहीत." डोळे पुसून त्यांनी पुन्हा विचारलं, "कोणी काढलं?"

बायको मागे काच पुसत होती. तिचा हात थांबला. तिला माहीत होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं, एक अक्षर! पण पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला: मग इथे खिळे ठोकत का बसलात?

"माझ्या बाबांनी काढलं असेल. तेव्हा तेही दुकानात बसायचे," मी म्हणालो.

"केवढा मोठा कलाकार माणूस! आता हेच फ्रेम करा. आणि खाली त्यांचं नाव घाला."

त्या गेल्या आणि बायको कडाडली. "लाज नाही वाटत? ज्या माणसाने तुम्हाला चित्रकलेच्या कॉलेजात जाऊ दिलं नाही, त्याचं नाव? जन्मभर त्यांच्या नावाने खडे फोडलेत ना?"

फोडले खरे. एकोणिसाव्या वर्षी प्रवेशाचं पत्र आलं, बाबा नाही म्हणाले, आणि मी करवत हातात घेतली, ही गोष्ट मी तिला लग्नाआधीच सांगितली होती. नातेवाइकांना सांगितली, मित्रांना सांगितली. सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. त्या गोष्टीपायी ही सासऱ्यांशी कधी दोन शब्द धड बोलली नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा औषध द्यायची ती तोंड फिरवून.

"ते नाही म्हणाले नव्हते," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी विचारलंच नाही. पत्र आठ दिवस खिशात होतं. रोज जेवताना म्हणायचो, आज विचारतो. मग मुदत संपली."

खरं सांगतो, ते हो म्हणाले असते तर, याचीच मला भीती वाटत होती. तिथे जाऊन मी सुमार निघालो असतो तर कुणाच्या माथी मारणार होतो?

बायको खुर्चीत बसली. मग म्हणाली, "ते मला एकदा म्हणाले होते, याचा हात चांगला आहे, पण हा काही बोलत नाही. मी उत्तरसुद्धा दिलं नाही त्यांना."

मला हुंदका आला. ती उठली नाही, आणि तिने का उठावं?

"नर्सबाईंना तरी खरं सांगा," एवढंच म्हणाली.

गुरुवारी फ्रेम तयार झाली. खाली बाबांचं नाव होतं. ते मीच घातलं, बारीक ब्रशने. अक्षर सुरेख आलं. नर्सबाईंनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुमचे बाबा असताना मी कधी आले नाही हो. पाया पडले असते त्यांच्या."

बायको माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं.

"भिंत कोरडी बघून लावा," मी म्हणालो. "ओल लागली की मागचा कागद सुटतो."