चांगुणाबाईंच्या फॉर्मवरचा आकडा

किडनी बदलण्याआधीचे फॉर्म लातूरच्या आमच्या दवाखान्यात मी भरून घेते. खोटं उत्तर मला लगेच कळतं, असा माझा तोरा होता. देवणीच्या शेषेरावांनी तो उतरवला.

त्यांच्या बायकोच्या, चांगुणाबाईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. शेषेराव स्वतःची द्यायला निघाले होते. "दिवस किती वेळा राहिले?" या प्रश्नाला बायकोच्या आधी हेच बोलले, "दोनदा. एक पोरगा, एक पोरगी." चांगुणाबाई खाली बघत राहिल्या. मीही शहाणी, दोन लिहून मोकळी झाले.

रक्तगट जुळला, पण क्रॉसमॅचची तपासणी फिसकटली. चांगुणाबाईंच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींवर तुटून पडणाऱ्या अँटीबॉडी भरपूर होत्या. शेषेरावांची किडनी बसवली असती तर टिकली नसती.

"म्हंजे माझंच कायतरी खराब हाय," शेषेराव म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना.

"काही खराब नाही तुमचं. पोटातल्या बाळात निम्मा अंश बापाचा असतो, तो बाईचं शरीर परका म्हणून ओळखून ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. पण दोनच खेपांत एवढ्या अँटीबॉडी?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"चार खेपा," चांगुणाबाई म्हणाल्या. "एक सातव्या महिन्यात गेलं, ते ह्यांना ठाव हाय. पर गेलेलं कुणी मोजत न्हाई आमच्याकडं. आन् एक तिसऱ्याच महिन्यात. शेतात सोयाबीनची काढणी-रास चालू होती, म्हून ह्यांनाबी सांगितलं न्हाई."

शेषेरावांनी आपली खुर्ची बायकोच्या जवळ ओढली. मग म्हणाले, "मॅडम, हिला दुसऱ्या कुणाची चालंल का? माझी कुणालाबी द्या."

नोकरीत इतकी वर्षं काढली, पण त्या क्षणी या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

आमच्याच यादीत शिरूर अनंतपाळचे रामकिशन होते; त्यांना बायकोची, रेणुकाताईंची, किडनी रक्तगटामुळे चालत नव्हती. शेषेरावांची त्यांना जुळली, रेणुकाताईंची चांगुणाबाईंना. परवानग्या आल्या आणि एकाच सकाळी चौघं टेबलावर गेले. दोन्ही किडन्या छान चालल्या.

तीन महिन्यांनी तपासणीला आल्यावर नव्या डॉक्टरनं चांगुणाबाईंना विचारलं, "मुलं किती?"

"चार," शेषेरावच बोलले. "दोन घरी हायेत."

चांगुणाबाई या वेळी खाली बघत नव्हत्या.