सातव्या मजल्यावरची उडी

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती बावीस वर्षं मेणात दात बसवत होती. गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी तिनेच केलेल्या दातांनी तिच्याच लग्नाच्या चौकशा चघळत. आईवडील गेल्यापासून घरात ती आणि बिनलग्नाचा थोरला भाऊ, दोघंच; "दादाला सोडून कशी जाऊ?" हे तिचं ठरलेलं उत्तर. तेही बिचाऱ्यांना पाठ झालं होतं.

दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबने तिला मुख्य कारागीर म्हणून बोलावलं. मावसबहीण आणि तिचा नवरा दादासोबत राहायला एका पायावर तयार झाले. म्हणजे अडायला काही उरलं नाही. तेव्हा दादा म्हणाला, "ठमे, जा खुशाल. पण त्याआधी तो खेळ एकदा माझ्याबरोबर संपव."

तो खेळ लहानपणचा. टीव्हीला जोडायचं यंत्र, त्यात खोचायची कॅसेट. कॅसेटवर फुंकर मारायचा मान दादाचा, खेळायचा मानही दादाचाच, आणि हिने शेजारी बसून नुसतं बघायचं. हातात दिवा घेतलेला एक माणूस, दिवेवाला, मनोरा चढत जाई. नऊ वाजले की वडील येऊन बटण बंद करत, आणि सहा मजले चढलेला दिवेवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जमिनीवर. सातव्या मजल्यावरच्या दारामागे काय आहे, ते भावाबहिणीने कधीच पाहिलं नव्हतं.

आता तो खेळ कम्प्युटरवर चालत होता. एम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेई, आणि वर एक सोय देई: हव्या त्या क्षणी खेळ आहे तसा एका कप्प्यात साठवायचा आणि पुढच्या वेळी तिथूनच उठायचं. तीन वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताच्या झटक्यात दादाचा उजवा हात गेला होता. जीभ तेवढी शाबूत होती, किंबहुना आणखी धारदार झाली होती. तो डाव्या हाताने दिवेवाल्याला चालवी. उडीची कळ तिच्याकडे. जन्मभर प्रेक्षक असलेल्या बाईला एवढी बढती पुरेशी होती.

पण खेळ काही संपेना. संध्याकाळी सातव्या मजल्यावरच्या दाराअलीकडच्या तुटक्या पुलापर्यंत पोचावं, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर दिवेवाला परत जिन्याखाली. "साठवायला विसरलीस," दादा म्हणे. दिवसभर दात मोजून डोकं भणभणलेलं, विसरलेही असेन, असं तिला वाटे. जाण्याची तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती. आता मात्र उद्या सोमवार, सकाळची गाडी. बॅग दारामागे भरून तयार. आणखी उशीर केलात तर जागा दुसऱ्याला देऊ, असं नव्या मालकाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

रविवारी दुपारी दादा आंघोळीला गेला. एका हाताने आंघोळ म्हणजे तास कुठे गेला नाही. तिने कम्प्युटर लावला आणि चुकून त्यांच्या रोजच्या पहिल्या कप्प्याऐवजी सगळ्या कप्प्यांची यादी उघडली. प्रत्येकाशेजारी छोटं चित्र.

आठव्या कप्प्यात जिना होता. दिवेवाल्याचा एक पाय वर, तीन जीव शिल्लक. त्यांची रोजची सुरुवात ती हीच. आणि नवव्या कप्प्यात सातव्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं, वर 'समाप्त'. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची, वेळ दुपारची, ती लॅबमध्ये असतानाची. तिने सेटिंग पाहिलं. उडीची कळ बदलून डाव्या अंगठ्याखाली घेतलेली दुसरी मांडणीही तिथे साठवलेली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लबाड! तिच्या हाताची गरजच नव्हती त्याला. एकट्याने खेळ संपवला होता, आणि रोज दुपारी तिची कमाई पुसून दिवेवाल्याला जिन्याखाली आणून ठेवत होता.

मग तिची नजर पहिल्या कप्प्यावर गेली. तिथे पूल होता. कालच्या संध्याकाळचाच, जसाच्या तसा. सकाळभर ती बाहेर असूनही आज दादाने हात लावला नव्हता. आज तो तिला जाऊ देत होता.

तिला रडू आलं. आणि लगेच, ध्यानीमनी नसताना, भीती वाटली. बावीस वर्षं ती जगाला सांगत आली होती, दादामुळे अडकलेय. आता ते वाक्यच हातातून गेलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी अनोळखी खोली, अनोळखी टेबल, ठमे म्हणून हाक मारणारं कुणी नाही. दार उघडं होतं आणि तिचा पाय उचलत नव्हता.

दादा ओल्या केसांनी येऊन बसला. "आज संपवूनच टाकू," तो म्हणाला. आवाज जरा जास्तच मोकळा होता.

पूल आला. दादाने दिवेवाल्याला अगदी कडेपर्यंत पळवत आणलं. "आता!"

तिचं बोट कळीवर होतं. ते तिथेच राहिलं. दिवेवाला खाली गेला.

"हुकली," ती म्हणाली.

"होतं असं. पुन्हा."

पुन्हा पूल, पुन्हा "आता!", पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दादा पडद्याकडे बघतच नव्हता, तिच्या बोटाकडे बघत होता.

"ठमे, तू कळ दाबतच नाहीयेस."

दारामागच्या बॅगेचा पट्टा लोंबत होता, तो तिला इथून दिसत होता.

"सकाळी गाडी आहे तुझी," दादा हळू आवाजात म्हणाला. "जा गं. मी बघतो माझं."

"माहितीये मला, बघशील."

"मग?"

तिने हात मांडीवर घेतला. "दादा," ती म्हणाली, "आठवा कप्पा उघड."

त्याने डाव्या हाताने यादीतला आठवा कप्पा उघडला. दिवेवाला एक पाय वर टाकून जिन्याखाली उभा होता.