विलायती गिटार आणि दोन भोकं

वाशीमजवळच्या एका छोट्या स्टेशनवरच्या पॉइंट्समन जगदेवकडे विजेवर वाजणारी गिटार होती आणि ती जशी आली तशीच होती. या दोन गोष्टी त्याने पंधरा वर्षांत ज्याला सांगितल्या नाहीत, असा माणूस त्या भागात उरला नव्हता. मालगाडीचा एक ख्रिस्ती गार्ड होता. त्याने जगदेवला स्टेशनच्या ओट्यावर बसवून वाजवायला शिकवलं आणि साठ साली रिटायर होऊन जाताना गिटार त्याच्या हातात ठेवली. “बोटीतून आलेली आहे. उघडू नको, कुणाला उघडू देऊ नको,” एवढंच तो म्हणाला. जगदेवसाठी ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

ज्याच्या बापाला गावात चहासुद्धा वरून ओतून मिळाला, त्या माणसाला कुणी तरी हातात हात घेऊन विलायती चीज दिली होती. ती त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपली यात नवल नाही. पण जपण्यालाही काही धरबंध असतो की नाही? रंगाचा टवका उडाला, राहू दे. खुंटी कुरकुरते, कुरकुरू दे. “अस्सल हाय,” म्हटलं की विषय संपला.

पंचाहत्तर साली किन्हीराजाच्या भीमजयंतीत या अस्सलपणाने दगा दिला. जगदेवच्या गायन पार्टीचा म्होरक्या पंजाबराव, आवाज असा की लाउडस्पीकर लाजावा. तो ऐन रंगात आला आणि गिटार बेसूर झाली. पंजाबरावला गाणं मध्येच थांबवावं लागलं. मागे पोरी फिदीफिदी हसल्या.

परतताना ट्रकमध्ये पंजाबराव म्हणाला, “जगदेवा, मान वाकली हाय तिची. सुदी करून घे. अन् खालचा सूर धरून ठेवाले दोन जादा तारा लाव. नाई तं वैशाख पुनवेच्या रिठदच्या कार्यक्रमाले मी बेंजोवाला घेऊन जातो.”

“तारा लावाच्या म्हणजे भोकं पाडा लागतीन तिच्या अंगाले.”

“मंग पाड! पूजाले ठेवली हाय का तू ते?”

जगदेव आठ दिवस नीट झोपला नाही. पार्टीतली जागा गेली तर तो नुसता झेंडी दाखवणारा माणूस उरणार होता. आणि गिटारला भोक पडलं तर गार्डसाहेबाने दिलेली ती गिटार उरणार नव्हती. शेवटी गाण्याने ओढलं. चादरीत गुंडाळून तिला घेऊन तो वाशीमला युनूसच्या दुकानात गेला.

युनूस पेटी, तबला, बेंजो, सगळं दुरुस्त करी. बाप युसूफ मिस्त्री तीन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून दुकान त्याच्याकडे. आतल्या दारात त्याची आई सुलतानबी तांदूळ निवडत बसली होती.

“माह्यासमोर कराचं,” जगदेव म्हणाला. “माहे डोये हायेत तिच्यावर.”

“करा ना दादा. पण भोकं पाडाच्या आधी आतल्या विजेच्या तारा कोठून गेल्या ते पाहा लागन. समोरची पांढरी पाटी काढतो.”

“उघडू नको!”

“मंग काय आंधयावानी गिरमिट चालवून भोकं पाडू?”

जगदेवने गिटारवरचा हात काढला. एकेक स्क्रू निघाला तसा जगदेव तो आपल्या मुठीत घेत गेला. पाटी उचलली. खाली रंग न लागलेलं तपकिरी लाकूड होतं आणि त्यावर पटाशीने कोरलेली उर्दू अक्षरं. युनूस वाकला. मग आणखी वाकला. पेचकस त्याच्या हातातून खाली पडला.

“काय लिह्यलं हाय?” जगदेव ओरडला. “अरे, बोल ना!”

“युसूफ मिस्त्री,” युनूसने वाचलं. “वाशीम. एकोणसाठ.”

जगदेव आधी हसला. मग त्याचं डोकं फिरलं. “तू कोरलं हे! आत्ता, माही नजर चुकवून!” पाटी निघाल्यापासून जगदेवची स्वतःची पापणीसुद्धा लवली नव्हती, पण धक्का बसलेला माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

सुलतानबीने सूप बाजूला ठेवलं. ती जागची न उठता म्हणाली, “युनूस, लाकडात बिजागरीचं बुजवलेलं भोक दिसते का पाहाय.”

होतं. कडेला, लाकडाचीच मेख मारून बुजवलेलं.

“माह्या लग्नातल्या, जहेजच्या लाकडी पेटीच्या फळ्या हायेत त्या,” ती म्हणाली. “गार्डच्या डब्यात धक्का बसला अन् लोखंडी ट्रंक पडली हिच्यावर. अंगाच्या ढलप्या झाल्या. साहेब लेकरावानी रडत आला. मिस्त्रीजवळ वाळलेलं सागवान नोहतं. मंग काय, माही पेटी मोडली अन् दोन फळ्या जोडून अंग केलं. मी आठ दिवस बोलली नाई त्याइच्यासंग. हिची मान अन् आतल्या विजेच्या तारा तेवढ्या विलायतच्या. बाकी सारं या दुकानातलं.”

“मान विलायतची,” युनूस हळूच म्हणाला. “तेच वाकली.”

“पण मिस्त्री कधी बोलले काहून नाई?” जगदेवने विचारलं.

“साहेबानं सांगतलं होतं, कोणाले सांगू नका. जबान देल्ली होती. अन् मिस्त्रीचा कायदाच होता, आपलं नाव आत कोराचं. बाहेरून चीज गिऱ्हाइकाची.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण जगदेवने तो वळसा ढोल वाजवत घातला होता. आणि आता त्याला एक जुनी गोष्ट आठवली. आठ वर्षांपूर्वी वाशीमलाच कार्यक्रम झाला होता. संपल्यावर म्हातारा युसूफ मिस्त्री जवळ आला आणि त्याने गिटारच्या अंगावर ठेवायला हात पुढे केला. जगदेवने ती झटकन मागे ओढली होती. “हात नोका लावू, मिस्त्री! हे तुमचं पेटी-तबल्याचं काम नोहे. विलायती हाय हे!” चाळीस माणसं हसली होती. म्हाताऱ्याने हात मागे घेतला होता.

हात लावू नको. हे शब्द लहानपणी जगदेवने विहिरीवर ऐकले, दुकानात ऐकले, शाळेच्या माठाजवळ ऐकले. त्यांचा चटका काय असतो ते त्याला शिकवायची गरज नव्हती. तेच शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने, ज्याने ही वस्तू घडवली त्यालाच ऐकवले होते. लाजेने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

आणि आता भलतंच झालं. युनूसने गिरमिट उचललं, पण बाजूला ठेवून दिलं.

“मान सुदी करून देतो, दादा. पण भोकं माह्यानं होत नाई. अब्बाच्या हातचं हाय. जशी हाय तशी राहू द्या.”

पंधरा वर्षं जे वाक्य जगदेवने जगाला ऐकवलं, ते आता समोरून आलं होतं. जवाब सुलतानबीने दिला.

“खुटीले टांगाले पेटी मोडू देल्ली होती का मी? वाजवासाठी देल्ली. वाजत नसन तं माही पेटी वापस द्या मले, दोघंबी!”

युनूस हसला, त्याने डोळे पुसले आणि गिरमिट लावलं. दिवसभरात दोन भोकं पडली, खुंट्या बसल्या, मान घासून सरळ झाली. सूर लावून त्याने तारा छेडल्या तसा रस्त्यावरचा माणूस थांबला. रिठदची काळजी मिटली होती. तरी जगदेव जागचा हलेना.

“चाची,” शेवटी त्याने विचारलं, “त्या कार्यक्रमाच्या दिवशी... घरी येऊन मिस्त्री काय म्हणले?”

“हसून राह्यले होते. म्हणे, सुलतान, माही चीज आज त्यानं मलेच हात लावू देल्ली नाई. एवढी जपते पोरगा!”

“खरंच हसले?”

“हसले ना.” सुलतानबीने सूप उचललं. “मंग मी ताट वाढलं. तं म्हणे, भूक नाई.”

ती आत गेली आणि भाकर, वरण, कांदा घेऊन आली. ताट जगदेवसमोर ठेवलं. त्याचा हात ताटापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“खाय बाप्पा,” ती म्हणाली. “एक जण उपाशी निजला, तेवढं पुरे झालं.”