पितरांचा वास

गुरुवारची दुपार. काराताल गावच्या खालच्या विहिरीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका घरून बोरसोक, कणकेचे फुगलेले तुकडे, तळून घेऊन आल्या होत्या आणि काठावरच्या जर्दाळूच्या झाडाला नवसाच्या चिंध्यांनी वाकवून टाकलं होतं. वैदूगिरी करणाऱ्या ताबीप कासीमालीने दोरीला बांधलेली किटली अलगद पाण्यावर टेकवली, भरून वर घेतली, वाडग्यात ओतली आणि काडी ओढली. पाण्यावर ज्योत उभी राहिली. निळसर, डुलणारी.

"दर गुरुवारी तुम्ही कढईत तेल तापवता, पितरांना वास पाठवता," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी त्यांनी उलट वास धाडलाय. घ्या, हुंगा. आपल्या आजोबांना ओळखत नाही?"

"माझे आजोबा घोड्यावर बसायचे," मागून एक म्हातारा पुटपुटला. "ह्यांना तर ट्रॅक्टरचा वास येतोय." बायकांनी त्याला गप्प केलं.

गर्दीच्या टोकाला उभ्या असलेल्या उमसुनायने हा वास पहिल्याच दिवशी ओळखला होता. सामुदायिक शेती होती त्या काळात चौदा वर्षं पेट्रोलच्या आवाराची किल्ली तिच्या कमरेला होती. तेव्हा तिच्या रुमालाला, केसांना, पावालासुद्धा हाच वास यायचा. तीन आठवडे ती गप्प होती.

आणि तिची सून मीरिम ताबीपच्या सांगण्यावरून रोज सकाळी ह्या पाण्याचे सात घोट पीत होती. दोनदा दिवस गेले होते, दोन्हीदा गर्भ पडला होता. आता पाचवा महिना. एकदा उमसुनाय म्हणाली होती, वरच्या गल्लीतल्या नळाचं पाणी पी, बाळ. मीरिमने विचारलं, "आपा, तुम्हाला नातवंड नको आहे का?" त्यापुढे उमसुनायचं तोंड उघडलं नाही. पण सुनेच्या टोमण्याने गप्प बसणारी बाई ती नव्हती. कारण वेगळं होतं.

शहरातून जानिल नावाची माती-पाणी तपासणारी बाई आली होती. दोन मुलांना उलट्या झाल्या म्हणून जिल्ह्याने तिला पाठवलं होतं. नकाशात पेट्रोलच्या जमिनीखालच्या टाक्या जुन्या गॅरेजमागे दाखवल्या होत्या, म्हणून ती हातगिरमिटाने तिथेच भोकं पाडत होती. सहा भोकं झाली. सगळीकडून स्वच्छ पिवळी माती वर आली. ताबीप सगळ्यांना सांगत सुटला की जमीनसुद्धा माझ्या बाजूने साक्ष देते. शुक्रवारी सकाळी जानिल सामान बांधणार होती.

नकाशा जुना होता. टाक्या नंतर हलवल्या होत्या, आणि कुठे ते सांगणारं आता एकच माणूस उरलं होतं.

आवार बंद झालं तो दिवस उमसुनायला काल घडल्यासारखा आठवतो. तिने मापाची काठी दुसऱ्या टाकीत सोडली. काठी गुडघ्याएवढी ओली होऊन वर आली. उरलेलं पेट्रोल उपसायचा पंप दुसऱ्या दिवशी यायचा होता. आणि आवार बंद होत होतं त्याच दिवशी घरी तिच्या मुलाच्या, कुबातच्या, पायातला दोरा कापायचा होता: लोकरीचा दोरा पायांना बांधून, तो कापून मुलाला पहिलं पाऊल टाकायला लावतात तो. पाहुणे जमले होते. सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाने घाईघाईत विचारलं, "रिकामी ना?"

"रिकामी," ती म्हणाली होती.

वर माती लोटली गेली. ती वेळेवर घरी पोचली, कुबातची पहिली तीन पावलं तिने पाहिली. ती काठी पुढे एकतीस वर्षं अंगणात द्राक्षवेलीला टेकू देत होती. मीरिमच्या पोटात ह्याच कुबातचं मूल होतं.

शुक्रवारी सकाळी उमसुनायने काठी उपटली. वेल लोळत खाली आली. सामान बांधणाऱ्या जानिलपुढे काठी ठेवून तिने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग रांगेतल्या चौथ्या पॉप्लरच्या झाडापासून पावलं मोजत ती विहिरीच्या वरच्या अंगाला एका मोकळ्या जागी थांबली. "इथे."

माणूसभर खोलीवरून गिरमिटाने निळी-काळी माती आणली. वासाने जानिलने मान वळवली. तिथून विहिरीपर्यंत तिने आणखी तीन भोकं घेतली. तिन्हींत तोच वास.

पाठोपाठ गाव विहिरीवर जमला. ताबीपने किटली उचलली.

"कासीमाली, किटली तळाला घाल," उमसुनाय म्हणाली.

"पितर वरच असतात, आपा."

"पेट्रोलही वरच असतं. तू पेट्रोलचा टँकर चालवायचास, तुला मी काय सांगायचं."

तो हसला, पण किटली खाली गेली नाही. जानिलने बूच लावलेली, वजन बांधलेली बाटली तळाशी सोडली, तिथे दोरीने बूच ओढलं. त्या पाण्यावर काडी चर्रकन विझली. मग नळाच्या स्वच्छ पाण्यात तिने मोटारसायकलमधलं चमचाभर पेट्रोल टाकलं आणि काडी लावली. तीच ज्योत, तोच डौल. टाकी गंजून फुटली होती, जानिलने सांगितलं. वसंतात कालवा सुटला की जमिनीतलं पाणी चढतं आणि झिरपलेलं पेट्रोल उचलून विहिरीत आणतं. ताबीपही नेमका वसंतातच उगवला होता.

"मग तळाचं पाणी चांगलं?" मीरिमने हळूच विचारलं.

"नाही. विरघळलेलं दिसत नाही, पेटतही नाही. आजच दवाखान्यात चला. पोटातल्या बाळाला काय झालं, काही झालं की नाही, ते मला पाण्यावरून सांगता येणार नाही."

मीरिम सासूकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." उमसुनायने गावाकडे पाहिलं. "ह्याने तुम्हाला फसवलं, कारण तुम्ही विचारलं नाहीत. मी फसवलं, कारण मी सांगितलं नाही. पितर बोलायला येत नाहीत. वास आला तर तो कशाचा, एवढं विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्याने तोंड उघडावं."

ताबीप कधी सटकला ते कुणाला कळलं नाही.

विहिरीवर आता फळी आहे: पिऊ नका. ती त्या काठीलाच ठोकली आहे. मीरिमची तपासणी दर आठवड्याला होते. डॉक्टर अजून थांबा म्हणतात. उमसुनाय रोज वरच्या गल्लीतून दोन बादल्या पाणी आणते. मीरिम पेला नाकाशी नेते, हुंगते, मगच पिते. सासूने आणलेलं असलं तरी.

उमसुनायला ते लागतं. पण ती म्हणते, असंच करत जा.