अंडेर नव्हे, आंडेर

इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये दिवेलागणीनंतर दोन आरत्या व्हायच्या. एक देवघरात, ती चटकन आटपायची. दुसरी टीव्हीसमोर, आणि तिच्यात कुणी मध्ये बोललेलं मालनबाईंना खपत नसे. मालिकेचं नाव होतं ‘दोन घरचं अंगण’. तिच्यात बिजवराशी लग्न करून आलेली मोहिनी नावाची एक बाई होती, डोळ्यांत काजळ नि मनात काळंबेरं. नवऱ्यासमोर ती सावत्र लेकीला ‘राणी’ म्हणायची आणि त्याची पाठ वळली की बाल्कनीत जाऊन भावाला फोन लावायची. फोनवर त्या पोरीचं नाव ‘काटा’. काटा उठला, काटा जेवला, काटा आज शाळेत गेला नाही. हा प्रसंग आला की मालनबाई टीव्हीला अशा काही शेलक्या शिव्या घालत की पोळ्या लाटणाऱ्या ललिताला पदराआड हसू यायचं.

ललिता ही त्यांची सून, तीही बिजवराशीच लग्न करून आलेली. मालनबाईंचा मुलगा शेखर, त्याची पहिली बायको चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मागे राहिली मुलगी तेजस्विनी, आता बारा वर्षांची. सगळे तिला तेजू म्हणत. ललिताचं माहेर सटाण्याचं, पहिलं लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही. नाशकात दाताच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनला बसायची. मालनबाई तिथे कवळी बसवायला गेल्या आणि कवळीसोबत सूनही घेऊन आल्या, असं शेखर गमतीनं सांगायचा.

स्वतः पारखून आणलेली सून चांगली आहे, हे मालनबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण मालिका ती मालिका. मोहिनीनं दुधात कसलीशी पावडर मिसळली, त्या दिवसापासून त्या तेजूचं दूध स्वतः गरम करू लागल्या. वर ललिताला मुद्दाम सांगायच्या, “तुझ्यावर संशय नाही हो माझा.” न सांगत्या तर फार बरं झालं असतं.

ललितानं ते मनावर घेतलं नाही. तिला काळजी होती ती तेजूची.

लग्नाआधी शेखरनं दोघींची भेट एका रसवंतीत घडवली होती. स्वतः शहाण्यासारखा दूर जाऊन उभा राहिला. उसाचा रस अर्धा झाल्यावर तेजूनं ग्लास खाली ठेवला आणि एखाद्या वकिलासारखी सरसावून बसली. “मी तुम्हाला आई म्हणणार नाही. आणि तुम्हीपण मला तुमची मुलगी म्हणायचं नाही. कुणाजवळच नाही.” ललितानं मान डोलावली. पोरीला आई होती, ती देवाघरी गेली म्हणून तिची जागा रिकामी झाली असं होत नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं शब्द दिला आणि पाळलाही. सोसायटीच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर ती म्हणायची, “ही तेजस्विनी, शेखरची मुलगी.” म्हणताना जड जायचं, पण म्हणायची.

दहा महिन्यांत पोरगी हळूहळू जवळ आली. सकाळी वेण्या घालून घ्यायला पाटावर येऊन बसू लागली. गणिताची वही घेऊन ओट्याशी येऊ लागली. वर्गात कुणी कुणाशी कट्टी केली तेही सांगू लागली, पण सगळं ‘तुम्ही’ म्हणून, पाहुणीशी बोलावं तसं अदबीनं. ललिताचा जीव मात्र केव्हाच जडून बसला होता. जीव जडल्यावर तोंडाला कुलूप किती दिवस लावणार? म्हणून तिनं एक पळवाट काढली होती. सटाण्याला आईशी ती अहिराणीत बोलायची, आणि त्या बोलण्यात तेजू ‘मनी आंडेर’ असायची. आंडेर म्हणजे मुलगी. मनी आंडेर, माझी मुलगी. दिलेला शब्द मराठीतला आहे, अहिराणीला तो लागू होत नाही, अशी तिनं आपल्या मनाची समजूत घातली होती. त्या दोन शब्दांसाठी ती रोज फोन लावायची, म्हटलं तरी चालेल.

आणि एके दिवशी सगळं बिनसलं. घटक चाचणीत तेजूला गणितात भोपळा मिळाला होता. ललिता बाल्कनीत फोनवर आईला सांगत होती, “मनी आंडेर गणितमा कच्ची शे, पन भलती गुनी शे.” बोलून ती वळली तर तेजू मागे उभी. तिनं दोरीवरचा गणवेश ओढून घेतला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तेजू पाटावर बसली नाही. स्वतःच वेण्या घातल्या, एक कानाजवळ नि दुसरी मानेजवळ, आणि तशीच शाळेत गेली. ताट खोलीत नेऊन जेवू लागली. काय झालं विचारलं की उत्तर एकच, काही नाही. आठवडा असाच गेला आणि मग तिनं बापाला सांगितलं, “मला सिन्नरला मामाकडे राहायचंय. शाळापण तिकडेच करते.” मामाला तिनंच फोन लावला होता. मामा रविवारी न्यायला येणार होता.

“जाऊ दे थोडे दिवस,” शेखर म्हणाला. “करमलं नाही की येईल परत.” पुरुषांना असं वाटतं. ललिताला कळत होतं की शाळेचा दाखला काढून गेलेलं मूल परत येतं ते सुट्टीतला पाहुणा होऊन. आपलं काय चुकलं, ते ती शोधत राहिली. डब्यात सलग तीनदा कोबी दिला होता, पण कोबीपायी कुणी घर सोडत नाही. तिला रडू यायचं आणि कांदा चिरायला घेतला की ते खपून जायचं.

रविवारी सकाळी सोमनाथमामा त्याची जुनी व्हॅन घेऊन हजर झाला. सिन्नरच्या एका कारखान्यात तो मशीनवर कामाला होता, आणि बहिणीच्या सासरी आलाय म्हणून खुर्चीच्या टोकावर अवघडून बसला होता. तेजूची बॅग दाराशी उभी. ललितानं चहा आणला. शेखरनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण बऱ्याच वेळात पान उलटलं नव्हतं.

मालनबाईंना राहवलं नाही. त्यांच्या मालिकेत असा पेच आला की सगळं घर दिवाणखान्यात जमतं आणि थोरली बाई जाब विचारते. त्यांनी पदर खोचला. “तेजू, बॅग उचलायच्या आधी सांग. या घरात तुला काय कमी पडलं? सगळ्यांसमोर सांग.”

तेजू नखं कुरतडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “त्या मला नावं ठेवतात. फोनवर.”

“कोण त्या?”

तेजूनं ललिताकडे नुसती मान केली. “गणितात अंडं मिळालं ना मला, म्हणून. अंडेर म्हणतात. मी ऐकलंय. आधीपण म्हणायच्या, मला वाटायचं दुसऱ्या कुणाचं नाव असेल. अंडेर जेवली, अंडेर झोपली. मोहिनी म्हणते ना काटा, तसं.”

मालनबाई सावकाश वळल्या. जी नजर एरवी टीव्हीवर रोखलेली असायची, ती आज ललितावर आली. “काय गं? तू म्हणतेस असं?”

 नाही म्हणणं शक्य नव्हतं. आणि हो म्हणून अर्थ सांगावा, तर दिलेला शब्द मोडल्याची कबुली द्यायची. या पोरीनं आयुष्यात एकच अट घातली होती, ती आपण रोज बाल्कनीत उभं राहून मोडत होतो, हे तिला कळलं तर ती जाईल ती कायमचीच. न सांगता जात होतीच. कुठूनही बघितलं तरी बॅग दाराबाहेर जात होती.

“म्हणते,” ललिता कशीबशी बोलली.

मालनबाईंनी कपाळाला हात लावला. शेखरचा पेपर खाली आला. आणि सोमनाथमामाला चहाचा असा ठसका लागला की बशी त्याच्या पँटवर सांडली.

“थांबा, थांबा,” तो ठसक्यातून म्हणाला. “अंडेर नाय. आंडेर म्हनल्या आसतील त्या. ताई, तुमी सटान्याच्या ना?”

ललितानं मान हलवली.

“माझ्या शेजारच्या मशीनवर तुमच्या बागलाणचा गडी हाय. त्याची एक आंडेर नर्सिंगला हाय, दिवसभर तिचंच सांगतो, कान किटले माझे.” त्याच्या तोंडावर हसू पसरत चाललं होतं. “तेजे, तुला कळलंच नाय गं. ताई, सांगा तुमी. मी नाय सांगत.”

आता सुटका नव्हती. ललितानं हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला.

“आंडेर म्हणजे मुलगी,” ती म्हणाली. “आमच्याकडे मुलीला आंडेर म्हणतात.”

“कुणाच्या मुलीला?” तेजूनं विचारलं.

“ज्याची त्याच्या. मनी आंडेर म्हटलं की माझी मुलगी.” ललिताचा आवाज फाटला. “मी शब्द मोडला, तेजू. इथं कुणाजवळ नाही मोडला. फक्त माझ्या आईजवळ, आमच्या बोलीत. मला वाटलं, तेवढं चालेल. चुकलंच माझं.”

“कसला शब्द?” मालनबाईंनी विचारलं.

तेजूचे कान लाल झाले होते. ललिताला वाटलं, आता ही बॅग उचलणार. तेजूनं बॅगेला लाथ मारली.

“मग सांगायचं नाहीस का?” ती ओरडली. “मी शाळेत बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्या वेण्या बघ कशा दिसतायत, सगळ्या हसतात मला. आणि तू नुसती गप्प. विचारायचं नाहीस का मला, काय झालं म्हणून?”

“विचारलं होतं. तू काही नाही म्हणालीस.”

“काही नाही म्हटलं की खरंच काही नसतं का? एवढंपण कळत नाही तुला?”

ललिता उत्तर द्यायला गेली आणि थबकली. दहा महिन्यांची अदब कुठल्या कुठे पळाली होती. पोरगी तिला तू म्हणत होती, तिच्यावर आईवर खेकसावं तशी खेकसत होती, आणि अजून खेकसली तरी ललिताला हवं होतं. आठवडाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं तसं तिला आधी हसू आलं आणि मग रडू. या वेळी तिनं कांद्याचा आसरा घेतला नाही, सगळ्यांसमोर रडली. तेजू जवळ येऊन तिच्या पदराला नाक पुसू लागली.

“आणि शब्द मोडला, त्याचं काय?” ललितानं भीत भीत विचारलं. ते विचारल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

तेजूनं विचार केला. “अहिराणीत चालेल,” ती म्हणाली. “मराठीचं नंतर बघू.”

मालनबाई उठल्या, दाराशी गेल्या आणि बॅग आत ओढून आणली. “हात मोडो तिचा,” त्या पुटपुटल्या. कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता. बहुधा मोहिनीचा.

सोमनाथ मात्र डोकं खाजवत बसला होता. “हे सगळं झाक झालं. पन माझी पंचाईत झाली. आईनं पहाटेपासून पुरन शिजत घातलंय. नात कायमची येनार म्हनून सगळ्या गल्लीला सांगून बसलीय. मी रिकाम्या हातानं गेलो, तर मलाच घरात घेनार नाय.”

“मग सगळेच जाऊ,” मालनबाई म्हणाल्या. “आज महाएपिसोड आहे, मोहिनीचं बिंग फुटणार आहे. फुटू दे. माझं घरबसल्या बघून झालं.”

“तुम्ही जा,” ललिता म्हणाली. “मी थांबते घरी.” सिन्नरला ती आजवर गेली नव्हती. ते शेखरच्या पहिल्या बायकोचं माहेर. ज्या आईची लेक गेली, तिच्या दारात त्या लेकीच्या जागेवर आलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

“तू साडी बदल,” तेजू म्हणाली. “हिला मी नाक पुसलंय.”

व्हॅनमध्ये तेजू ललिताच्या बाजूला बसली आणि वाटेत तिच्याकडून वेण्या नव्यानं घालून घेतल्या. मोहदरीचा घाट येईपर्यंत दुसरी वेणीही झाली. आता हातांना काही काम उरलं नाही आणि ललिताला धडकी भरली. कुसाबाईंना, म्हणजे तेजूच्या आजीला, तिनं फक्त फोटोत पाहिलं होतं.

व्हॅनचा आवाज ऐकून कुसाबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन दारात आल्याच. त्यांनी तेजूवरून तुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. मग व्हॅनकडे पाहिलं.

“सामान कुठं हाय?” त्यांनी विचारलं. नंतर त्यांची नजर व्हॅनच्या दाराला धरून उभ्या असलेल्या ललितावर गेली आणि तिथेच थांबली. “आन ह्या कोन?”

सोमनाथनं बोलायला तोंड उघडलं. शेखर बुटांकडे बघू लागला. ललिताला वाटलं, आपण परत आत बसावं आणि दार लावून घ्यावं.

“मी राहायला नाही आले, आजी,” तेजू म्हणाली. “संध्याकाळी घरी जायचंय. ही मला न्यायला आलीय.”

कुसाबाईंनी नातीच्या दोन सारख्या वेण्या निरखल्या. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

“मंग तिला उन्हात कशाला हुबी केली?” त्या म्हणाल्या, आणि ललितावरून ओवाळायला भाकरीचा दुसरा तुकडा आणायला आत गेल्या.