कडेगावचा टप्पा

नाथाजीरावांना सायकलची हौस नव्हती. त्यांना सायकलवरून सासुरवाडीत शिरायची हौस होती, आणि या दोहोंत सत्तर किलोमीटरचं अंतर असतं हे त्यांना रहिमतपूर सोडल्यावर कळलं.

स्पर्धा सातारा ते सांगली आणि परत. चौघांची टीम, चार टप्पे, एक दिवस. मनगटावरचा पट्टा एकानं दुसऱ्याच्या हाती बांधायचा आणि बाजूला व्हायचं. टीम वेळेत परतली तर देणगीदार वडूजच्या दवाखान्याला डायलिसिसचं यंत्र देणार होते. काम पुण्यकर्माचंच होतं. पण टीमचे कप्तान म्हणून टप्पे वाटताना नाथाजीरावांनी पुण्यकर्माबरोबर नकाशाही पाहिला, आणि कडेगावच्या चौकात संपणारा पहिला टप्पा स्वतःकडे ठेवला. चौकातच सासऱ्यांचं घर. फौजेतून निवृत्त झालेला थोरला जावई बावन्नाव्या वर्षी सायकलवरून येतो आहे, हे दृश्य त्यांनी महिनाभर मनात इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात आता हलगीसुद्धा वाजायला लागली होती.

या दृश्यात धाकटा साडू नव्हता. वीरधवल लोणंदच्या कारखान्यात इंजिनियर. सहा वर्षांपूर्वी तो जावई झाला आणि तेव्हापासून सासरी खुर्ची आधी त्याला, चहा आधी त्याला, मटणातली नळी तर फक्त त्यालाच. त्याची सायकल दोन बोटांवर उचलता यायची. तो ती उचलून दाखवायचाही. नाथाजीरावांनी त्याला कडेगाव ते सांगली हा दुसरा टप्पा दिला, म्हणजे सासरची माणसं त्याची फक्त पाठ बघतील.

चूक इथं झाली. पुढच्या गड्याला टप्प्याच्या तोंडाशी आधीच हजर राहावं लागतं. वीरधवल आदल्या संध्याकाळीच सासरी मुक्कामाला गेला होता. वीस वर्षं फौजेत काढलेल्या नाथाजीरावांच्या हे ध्यानात आलं, तेव्हा कडेगाव सहा किलोमीटरवर होतं.

चौकात हलगी खरंच वाजत होती, वीरधवलसमोर. त्याच्या डोक्यावर फेटा होता आणि सासूबाई रंगूबाई त्याला ओवाळत होत्या. सासरे शेजारी उभे राहून फोटोसाठी हसत होते. नाथाजीरावांकडे फक्त स्पर्धेच्या टेबलावरच्या आम्रपालीताईंचं लक्ष होतं, कारण त्यांना वेळ लिहायची होती.

"थांबा, दादा! पट्टा!" त्या ओरडल्या.

नाथाजीराव थांबले नाहीत. टेबल मागं पडलं, हलगी मागं पडली, सासरे मागं पडले.

"आवं पाव्हणं!" मागून रंगूबाईंचा आवाज आला. "घर हितं हाय!"

आता सांगलीपर्यंत आपणच जायचं, असं त्यांनी ठरवलं. पायांना कुणी विचारलं नव्हतं. दोन किलोमीटरवर पोटरीत गोळा आला आणि ते सायकलसकट उसाच्या बांधावर बसले. पाठोपाठ फेटा घातलेला वीरधवल आला. त्याला दमसुद्धा लागला नव्हता.

"दाजी, पट्टा हितं बांधला तर टीम बाद हुईल. चौकात परत जाऊ, चला."

"जा तू."

"पट्टा तुमच्या हातात हाय."

परतताना वीरधवलनं एका हातानं स्वतःची सायकल चालवली आणि दुसरा हात नाथाजीरावांच्या पाठीवर ठेवून त्यांना ढकलत आणलं. असं सासरच्या गावासमोर ढकललं जाण्यापेक्षा उसात राहणं बरं होतं. चौकात पोचताच वीरधवल मोठ्यानं म्हणाला, "मामा, दाजींचा ब्रेक लागला न्हाई! तरी कसं सांभाळलं बघा!"

"माझा वाघ!" सासरे म्हणाले. वीरधवलला.

रंगूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "कसा धावला बघा, थोरल्या साडूसाठी!"

नाथाजीरावांना अपमान सोसला असता. साडूचा मोठेपणा सोसवेना.

"ब्रेक चांगला हाय," ते म्हणाले. "मीच थांबलो न्हाई. तुमी सगळी ह्याच्याकडं बघत हुता."

हलगीवाला थांबला. सासऱ्यांनी खाली पाहिलं. आम्रपालीताई पट्टा बदलून घेत कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बावीस मिनिटं गेली. यंत्र वडूजला जायचंय, जावयांना नाही." वीरधवलनं फेटा काढून हेल्मेट घातलं आणि तो निघाला.

रंगूबाईंनी नाथाजीरावांना हाताला धरून ओसरीवर आणलं. "आवं, त्यो निघणार हुता म्हणून त्याचं आधी उरकलं. तुमाला संध्याकाळपतुर ठिवून घ्यायचं हुतं. घरचा माणूस कुटं पळतोय, असं वाटलं." मग त्यांच्या पोटरीकडे बघत, "पळालासा की!"

नाथाजीरावांना पहिल्यांदाच बरं वाटलं. दुपारी पाट मांडला. ताटात नळी पडली, तीही न मागता. घरात दुसरा जावई नव्हता, म्हणून पडली का, हा प्रश्न त्यांनी मनात येताच भाकरीबरोबर गिळला.

जेवण निम्म्यावर आलं असताना सासऱ्यांचा फोन वाजला. सांगलीहून वीरधवल. बावीसच्या बावीस मिनिटं भरून काढली होती आणि तिसरा गडी परतीला लागला होता.

"आता यंत्र येतंय बघा!" सासरे फोन हातात धरून गावाला सांगायला चौकाकडे पळत सुटले. त्यांच्या मागं रंगूबाई, वाढता वाढता, पळीसकट.

यंत्र येणार याचा नाथाजीरावांना खराच आनंद झाला. फक्त ही बातमी तीन मिनिटं उशिरा, नळी संपल्यावर आली असती तरी चाललं असतं, असं त्यांना वाटून गेलं. रिकाम्या ओसरीवर बसून त्यांनी पातेलं स्वतःच जवळ ओढलं.