बाथरूमची कडी

बाथरूमच्या कडीचा चौथा स्क्रू काही केल्या फिरेना. मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा तिच्या बापाने, बाजारातल्या किल्लीवाल्यांनी, तो स्वतःच बसवला होता, चांगला लांब शोधून, आता आयुष्यात हलायचा नाही म्हणत. तो खरंच हलत नव्हता. स्वतःच्या कामाचा असा राग त्यांना आजवर आला नव्हता.

मुलगी कालच हॉस्पिटलमधून घरी आली होती. आता ती एकोणीस वर्षांची. काही आठवडे तरी तिला आतून लावता येईल असं एकही दार घरात ठेवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिच्या खोलीची कडी सकाळीच निघाली. आता ही.

तिला ते लाडाने धांदल म्हणत. डबा विसरायची, वही विसरायची, एक सांगता सांगता भलतंच सांगत सुटायची. घराच्या किल्ल्या तर इतक्या हरवल्या की बाजारात थट्टा व्हायची, किल्लीवाल्यांचं अर्धं दुकान पोरीवर चालतं म्हणून. तेही हसायचे. पण कॉलेजात गेल्यावरही तेच चाललं, तेव्हा हसणं संपलं आणि उठताबसता बोलणी सुरू झाली. गेल्या महिन्यात तिने नववी किल्ली हरवली. नवी घासायला त्यांना पाच मिनिटंही लागली नसती. त्यांनी घासली नाही. जरा दाराबाहेर बसलीस की डोक्यात राहील, म्हणाले.

त्याच आठवड्यात परीक्षेची वेळ चुकवून ती भरदुपारी परतली. आई कामावर, दाराला बापाने बसवलेलं कुलूप. तीन तास ती जिन्यात बसून होती. मग तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारीण वेळेवर पोचली म्हणून निभावलं.

हा आळस नाही की उद्धटपणा नाही, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. याला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, मनात आलेलं आवरता येत नाही. अशी मुलं लहानपणापासून बोलणी खात मोठी होतात आणि स्वतःलाच विटतात. सगळीच काही या टोकाला जात नाहीत, पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो. उपचार आहेत, गुण येतो. किल्लीवाल्यांनी एवढंच विचारलं, मी किल्ली दिली असती तर? एका किल्लीने असं होत नसतं, बाई म्हणाल्या. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही.

शेवटी स्क्रू निघाला. मागे वळले तर टॉवेल घेऊन मुलगी उभी. कडीच्या जागची भोकं बघत होती.

"आता अंघोळ कशी करू?"

"मी बाहेर बसतो, दाराला पाठ लावून. कोणी येणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी पण नाही. फक्त मधूनमधून हाक मारीन. तू ओ द्यायची."

"शाळेच्या हजेरीसारखी?" ती किंचित हसली. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी पाच मिनिटं आधीपर्यंत माझ्या मनात तसलं काहीच नव्हतं. खरंच."

"किल्ली द्यायला हवी होती मी."

"तीही हरवलीच असती."

ती आत गेली. किल्लीवाले जमिनीवर बसले, दाराला पाठ टेकली. पाणी सुरू झालं. त्यांनी हाक मारली, ओ आली. पुन्हा मारली, पुन्हा आली. तिसऱ्या हाकेला नुसतं पाणी वाजत राहिलं.

ते उठले. हात दारावर ठेवला. ढकललं असतं तर दार सहज उघडलं असतं, अडवायला आता काही नव्हतं. पण पोरीला शब्द दिला होता. त्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने.

"ओ," आतून आलं. "सॉरी बाबा, विसरले."

विसरण्यावरून ते तिला बऱ्याच काळात पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. दाराला पाठ लावून पुन्हा खाली बसले आणि पुढच्या हाकेपर्यंतचे आकडे मोजू लागले.